खूणगांठ

श्रोतेहो, ह्या भाषणाचें निमंत्रणपत्र आलें तेव्हां तें मीं मोठ्या आनंदानें वाचलें, त्याच दिवशीं उत्तर लिहावयाचें ठरविलें, आणि पत्र जपून ठेवलें. इतकें जपून ठेवलें कीं, पुढील आठ दिवस तें सांपडेना. अखेर तें कणकेच्या डब्यामागें मिळालें. पत्र वाचतां वाचतां मी पोळ्यांची तयारी करावयास उठलें असेन, एवढेंच अनुमान त्यावरून निघतें. पत्रांत विषय दिला होता ‘दैनंदिन विसराळूपणा’. ह्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार केवढा मोठा आहे, हें निमंत्रण देणारांस ठाऊक होतें कीं नाहीं, कोण जाणे. परंतु त्यांचें पत्र हरवून मीं तो सिद्ध केला, असें म्हणावयास हरकत नसावी.

आपली मराठी भाषा ह्या बाबतींत मोठी संपन्न आहे. विसराळू, विसरभोळा, वेंधळा, धांदरट, गबाळा, अजागळ! शिवाय ह्या शब्दांत अर्थाचे बारीक भेदही आहेत. हातांतलें काम अर्धें टाकून जो दुसऱ्या कामास धांवतो, तो धांदरट. समोर ठेवलेली वस्तु ज्याला दिसत नाहीं, तो वेंधळा. ज्याच्या सामानसुमानास ठावठिकाणा नाहीं, तो गबाळा. लहानपणापासून हीं सर्व विशेषणें मला आळीपाळीनें मिळत आलीं. घरचीं माणसें प्रेमळ होतीं, शिक्षक चांगले होते, आणि मी बुद्धीनेंही मंद नव्हतें. गणितांत तर माझा नंबर सहसा वरचाच असे. परंतु हीं सगळीं विशेषणें एकाच मुलीला पुनःपुनः कां लावावीं लागतात, असा प्रश्न मात्र कोणाला पडला नाहीं. पुढें मी एका महाविद्यालयांत गणित शिकवूं लागलें, संसार थाटला, मुलें वाढविलीं. आणि वयाच्या ४७ व्या वर्षीं, म्हणजे २०१७ सालीं, त्या प्रश्नाचें उत्तर अगदीं अनपेक्षितपणें माझ्यापुढें आलें.

झालें असें कीं, माझ्या बहिणीच्या मुलाविषयीं त्याच्या शाळेंतून वरचेवर तक्रारी येत. तो डबा विसरे, वह्या विसरे, गृहपाठ करून तो घरींच ठेवून जाई. बहिणीच्या सोबतीला म्हणून मी त्याच्याबरोबर एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे गेलें. त्या मुलाला एकेक प्रश्न विचारीत होत्या आणि त्या प्रत्येक प्रश्नाचें उत्तर मी मनांतल्या मनांत देत होतें. बोलणें चालू असतां तुझें मन भरकटतें का? सूचना पुऱ्या होण्यापूर्वींच काम सुरू करतोस का? रोजच्या वस्तु हरवतात का? तासाभरानें मुलाची तपासणी संपली, आणि पुढील आठवड्यांत माझी सुरू झाली. मुलाला व मावशीला एकाच नांवाचें निदान मिळालें. इंग्रजींत त्यास अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर म्हणतात, आणि लोक त्याच्या आद्याक्षरांवरून ए. डी. एच. डी. असें म्हणतात. आपण त्यास अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणूं.

ह्या विकाराचें नांव नवें असलें तरी ही अवस्था नवी नाहीं. अलेक्झांडर क्रायटन नांवाच्या स्कॉटिश वैद्यानें १७९८ सालीं मनोविकारांवर ग्रंथ लिहिला. त्यांत अवधानावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. कुत्र्याच्या भुंकण्यानेंही ज्यांचें चित्त विचलित होतें आणि ज्यांना एका विषयावर स्थिर राहतां येत नाहीं, अशा माणसांचें वर्णन त्यांत असून, ही अवस्था जन्मजात असूं शकते, असेंही त्यानें म्हटलें आहे. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं, १९०२ सालीं, जॉर्ज स्टिल ह्या बालरोगतज्ज्ञानें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें ह्याच प्रकारच्या मुलांवर व्याख्यानें दिलीं. हीं मुलें बुद्धीनें सामान्यच आहेत, परंतु त्यांचें चित्त एका जागीं टिकत नाहीं आणि त्यांना स्वतःस आवरतां येत नाहीं, असें त्याचें निरीक्षण होतें. निरीक्षण अचूक होतें. परंतु त्यानें ह्यास नांव दिलें तें ‘नैतिक नियंत्रणाचा दोष’. हें नांव मुद्दाम लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या नांवांतली ‘नैतिक’ ही सावली ह्या माणसांवरून अजून पुरती हटलेली नाहीं.

पुढें १९३७ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स ब्रॅडली ह्या डॉक्टरानें वर्तनाच्या तक्रारी असलेल्या ३० मुलांना बेन्झेड्रिन हें उत्तेजक औषध दिलें, तेव्हां त्यांपैकीं जवळजवळ निम्म्या मुलांचें अभ्यासांतील लक्ष थक्क व्हावें इतकें सुधारलें. उत्तेजक औषधानें चंचल मूल स्थिर व्हावें, हें विपरीत वाटतें. पण तें खरें ठरलें. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेच्या वर्गीकरणांत १९८० सालीं ‘अवधान’ हा शब्द प्रथम ह्या विकाराच्या नांवांत आला, आणि आजचें नांव १९८७ सालीं रूढ झालें. २०१३ सालच्या आवृत्तींत प्रौढांसाठीं निकष थोडे सैल करण्यांत आले, कारण हें केवळ मुलांचें दुखणें असून तें वयाबरोबर आपोआप सुटतें, ही जुनी समजूत चुकीची ठरली होती. आज सामान्यतः शंभर मुलांत सुमारें ५ आणि शंभर प्रौढांत २ ते ३ माणसें अशीं असावींत, असें मानतात. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून ह्यांत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा, म्हणजे शेंकडा ७० ते ८० च्या घरांत, असल्याचें दिसतें. तेव्हां भाच्याला आणि मावशीला एकच निदान मिळालें, ह्यांत नवल नव्हतें.

आतां मूळ मुद्द्याकडे, म्हणजे विसरण्याकडे, येतें. आपण म्हणाल, विसरत कोण नाहीं? हें अगदीं खरें आहे. हर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८५ सालीं स्वतःवरच प्रयोग करून दाखविलें कीं, पाठ केलेल्या मजकुरांतला बराचसा भाग पहिल्या दिवसाच्या आंतच गळून पडतो. एका खोलींतून दुसऱ्या खोलींत जावें आणि आपण येथें कशासाठीं आलों हेंच आठवूं नये, हा अनुभव तर सर्वांचाच आहे. अमेरिकेंतील गॅब्रिएल रॅडव्हान्स्की ह्या मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं प्रयोगांनीं दाखविलें कीं, दार ओलांडणें हेंच विसरण्याचें एक निमित्त होतें. उंबरठा ओलांडला कीं मन मागच्या प्रसंगाचें पान उलटतें. तेव्हां विसरणें हा मनुष्यमात्राचा धर्म आहे. प्रश्न आहे तो, काय विसरतें, किती वेळां विसरतें, आणि त्यापायीं आयुष्याचें काय होतें, ह्याचा.

येथें स्मृतीचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. एक मागील गोष्टींची स्मृति. ही माझी उत्तम आहे. तीस वर्षांपूर्वींच्या वर्गांत कोणती मुलगी कोणत्या बाकावर बसे, हें मी आजही सांगेन. दुसरी पुढील गोष्टींची स्मृति. चार वाजतां अमुक करावयाचें आहे, हें चार वाजतां आठवणें, ह्याला मानसशास्त्रांत स्वतंत्र स्थान आहे. चार वाजतां करावयाचें काम दहा वाजतां आठवलें तर त्या आठवणीचा उपयोग तो काय? ह्याखेरीज मनाची एक पाटी असते. हातांतलें काम पुरें होईपर्यंत त्याचा तपशील मन त्या पाटीवर धरून ठेवतें. चांगल्या मनाच्या पाटीवरही एका वेळीं साधारण चारच गोष्टी मावतात, असें आजचें मत आहे. आमच्यासारख्यांची पाटी लहान, आणि ती पुसलीही लवकर जाते. दारावरची घंटा वाजली, कीं गॅसवरचें दूध पाटीवरून पुसलें गेलें. तें दूध मीं ‘विसरलें’ असें लोक म्हणतात. परंतु तें मनाच्या भांडारांत कधीं पोहोंचलेंच नव्हतें, मग तेथून आठवावें तरी कसें?

हें सारें मला आज शास्त्राच्या भाषेंत सांगतां येतें. परंतु ज्या प्रसंगामुळें मी ह्या माइकसमोर बसण्यास तयार झालें, तो घडला तेव्हां ह्यांतलें कांहींच मला माहीत नव्हतें.

२०११ सालीं माझ्या वडिलांच्या, नानांच्या, डोळ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दिवसांतून चार वेळां डोळ्यांत थेंब घालावयाचे होते. घरांत तें काम मीं आपण होऊन मागून घेतलें. ‘नाना, तुम्ही कांहीं काळजी करूं नका, माझ्याकडे सोपवा,’ असें मीं म्हटलें, आणि तें अगदीं मनापासून म्हटलें. पहिले दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशीं मी शेजारच्या खोलींत उत्तरपत्रिका तपासावयास बसलें. एका विद्यार्थ्यानें एक प्रमेय निराळ्याच रीतीनें सोडविलें होतें. तें बरोबर आहे कीं नाहीं, हें पाहतां पाहतां मी त्यांत बुडून गेलें. मान वर केली तेव्हां पांच वाजले होते, आणि दुपारचे थेंब बारा वाजतांचे होते. मी धांवत गेलें. नाना खुर्चीत बसले होते. ‘अग, घातले मीं. तूं कामांत होतीस,’ एवढेंच ते म्हणाले. पुढें त्या पंधरवड्यांत असें आणखी कितीदां झालें, हें मला नक्की सांगतां येत नव्हतें. डोळा सुदैवानें बरा झाला. त्यानंतर एकदां आमचे एक नातेवाईक घरीं आले असतां हंसत हंसत म्हणाले, ‘जीव असता तर लक्षांत राहिलें असतें.’ नाना कांहीं बोलले नाहींत. मीही बोललें नाहीं. कारण माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. खरें सांगावयाचें तर, आपला नानांवर पुरेसा जीव नसेल, असें मलाही मनांतून वाटूं लागलें होतें.

श्रोतेहो, ह्या विकाराचा खरा घाव येथें आहे. दूध उतूं जातें, किल्ल्या हरवतात, छत्र्या बसमध्यें राहतात, हें नुकसान पैशानें भरून येतें. परंतु ‘आठवण नाहीं, म्हणजे आस्था नाहीं’ हें जें समीकरण आपण सगळे नकळत मांडतों, त्यानें नातीं पोखरतात. पति पत्नीचा वाढदिवस विसरतो, मुलगी आईचें औषध विसरते, मित्र मित्राच्या पत्राला उत्तर देत नाहीं. विसरला गेलेला माणूस दुखावतो, तें साहजिकच आहे. परंतु विसरणाऱ्याच्या मनांत काय होतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. गणिताची शिक्षिका म्हणून सांगतें, हें समीकरण चूक आहे. आस्था ही एक राशि, आणि ठरल्या क्षणीं आठवण होणें ही दुसरी. एकीवरून दुसरी काढतां येत नाहीं.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. जिला उत्तरपत्रिकेवर पांच तास लक्ष देतां येतें, तिच्या ठायीं अवधानाची न्यूनता आहे असें कसें म्हणावें? ह्याचें उत्तर असें कीं, ‘न्यूनता’ हा शब्दच थोडा फसवा आहे. आमच्यापाशीं लक्ष असतें, कधीं कधीं गरजेहून अधिक असतें; तें हवें तेव्हां हव्या ठिकाणीं लावणें आणि हवें तेव्हां काढून घेणें साधत नाहीं. नवलाची, आवडीची किंवा अगदीं गळ्याशीं आलेली गोष्ट असली कीं मन तिला असें चिकटतें, कीं तहानभूक आठवत नाहीं. नीरस कामावर मात्र तें पळभर ठरत नाहीं. बाहेरून पाहणारास हा लहरीपणा वाटतो.

ह्या अवस्थेचीं अशीं आणखीही लक्षणें आहेत. निदानासाठीं जी अधिकृत यादी वापरतात, तींत अवधानाचीं ९ आणि चंचलतेचीं ९ अशीं १८ लक्षणें असून, दैनंदिन कामांतला विसराळूपणा हें त्यांपैकीं एक आहे. परंतु ज्यांनीं आयुष्य वेढलें जातें, अशा कित्येक गोष्टी ह्या यादींत नाहींत.

पहिली गोष्ट काळाची. बहुतेकांच्या मनांत घड्याळासारखें कांहींतरी टिकटिकत असतें. दहा मिनिटें झालीं कीं अर्धा तास, ह्याचा त्यांना अंदाज येतो. आमच्या मनांत काळाचे दोनच भाग असतात, ‘आतां’ आणि ‘मग’. परीक्षा पुढच्या महिन्यांत असो कीं पुढच्या वर्षीं, ती ‘मग’मध्यें, आणि एके दिवशीं ती एकदम ‘आतां’मध्यें येऊन कोसळते. वेळेवर न पोहोंचणारा माणूस नेहमींच दुसऱ्याच्या वेळेची किंमत न करणारा असतो असें नाहीं. कधीं कधीं त्याला वेळ दिसतच नाहीं.

दुसरी गोष्ट कामास आरंभ करण्याची. आपल्याकडे म्हण आहे, ‘कळतें पण वळत नाहीं’. ह्याहून नेमकें वर्णन मला कोणत्याही वैद्यकीय ग्रंथांत आढळलें नाहीं. विजेचें बिल भरावयाचें आहे, पैसे आहेत, काम पांच मिनिटांचें आहे, आणि तरीही माणूस दहा दिवस त्या बिलाकडे पाहत बसतो. हा आळस नव्हे, कारण आळसांत सुख असतें. ह्यांत तें औषधालाही नसतें.

तिसरी गोष्ट भावनांची. राग भस्सकन् येतो आणि तितक्याच लवकर विझतो. समोरच्याची राख झाल्यावर हा विचारतो, ‘काय झालें?’ त्याच वेळीं टीकेचा एक शब्द मात्र ह्याच्या अंतःकरणांत महिनेच्या महिने रुतून बसतो. लहानपणापासून हजार वेळां ‘वेंधळा’ ऐकलेल्या माणसाची कातडी जाड होईल, अशी आपली अपेक्षा असते. अनेकांची ती पातळच होत जाते.

चौथी गोष्ट झोपेची. पुष्कळांच्या शरीराचें घड्याळ मागें पडलेलें असतें. रात्रीं अकराला जग निजतें तेव्हां ह्यांचें डोकें उजळतें, आणि सकाळीं तें कांहीं केल्या जागें होत नाहीं. पांचवी गोष्ट आवाजांची. दोन माणसें एकाच वेळीं बोलत असलीं, शेजारीं दूरदर्शन संच चालू असला, कीं समोरच्याचे शब्द कानावर पडूनही त्यांचा अर्थ लागत नाहीं. म्हणून तो ‘काय म्हणालात?’ असें विचारतो, आणि आपण उत्तर देईपर्यंत त्याला तें कळलेलेंही असतें.

आणि शेवटची गोष्ट स्त्रियांची. अतिचंचल म्हटलें कीं बाकावरून उड्या मारणारा मुलगा डोळ्यांपुढें येतो. मुलींमध्यें ही चंचलता बरेचदां आंत असते. हातपाय स्थिर, आणि मनांत अखंड वावटळ. अशी मुलगी कोणाला त्रास देत नाहीं, खिडकीबाहेर पाहत बसते. म्हणून तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. लहानपणीं मुलांच्या मानानें फार थोड्या मुलींचें निदान होतें. बाकीच्या माझ्यासारख्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर येऊन, कुठल्यातरी भाच्याच्या निमित्तानें, स्वतःची ओळख करून घेतात.

आतां एक सावधगिरीची सूचना. हें भाषण ऐकून घरोघरच्या किल्ली विसरणाऱ्यांनीं स्वतःचें निदान स्वतःच करूं नये. ही अवस्था एकाएकीं उद्भवत नाहीं. तिचीं चिन्हें वयाच्या बाराव्या वर्षापूर्वींपासून असावीं लागतात, तीं घरीं व बाहेर अशा एकाहून अधिक ठिकाणीं दिसावीं लागतात, आणि त्यांनीं जीवनास खरोखर अडथळा यावा लागतो. पूर्वीं सर्व कांहीं लक्षांत राहत असे आणि अलीकडे राहत नाहीं, असें असेल तर कारण दुसरें असूं शकतें. अपुरी झोप, थायरॉईडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, चिंता, खिन्नता, स्त्रियांच्या बाबतींत पाळी जाण्याचा काळ, ह्या सर्वांनीं विसराळूपणा येतो. आणि वृद्ध माणूस ओळखीची वाट चुकूं लागला, तर त्यास विनोदाचा विषय न करतां डॉक्टरांकडे न्यावें.

निदान झाल्यावर उपाय काय? औषधें आहेत. त्यांतलें सर्वांत परिचित औषध मिथिलफेनिडेट हें १९४४ सालीं स्वित्झर्लंडमध्यें लिआंड्रो पानिझ्झॉन ह्या रसायनशास्त्रज्ञानें तयार केलें, आणि आपल्या पत्नीच्या रीटा ह्या लाडक्या नांवावरून त्याचें नांव रिटालिन ठेवलें. उत्तेजक नसलेलीं औषधेंही आज मिळतात. पुष्कळांना औषधांचा चांगला गुण येतो. कांहींची भूक मंदावते, कांहींची झोप बिघडते, म्हणून तीं तज्ज्ञाच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं. परंतु औषध मनाची पाटी स्वच्छ करतें, तिच्यावर काय लिहावें हें तें सांगत नाहीं. तें काम आपल्यालाच करावें लागतें.

आणि त्या कामाचा मंत्र मला कोठल्याही नव्या पुस्तकापूर्वीं माझ्या आजीनें दिला होता. माझी आजी नऊवारी नेसे. कांहीं लक्षांत ठेवावयाचें असलें कीं ती पदराच्या टोंकाला गांठ मारी. दुधाचा हिशेब असला कीं एक गांठ, कोणाकडे हळदीकुंकवाला जावयाचें असलें कीं दुसरी. काम झालें कीं गांठ सोडावयाची. ‘डोक्यावर भिस्त ठेवूं नये ग, पदरावर ठेवावी,’ असें ती म्हणे. ‘खूणगांठ बांधणें’ हा आपल्या भाषेंतला वाक्प्रचार ह्याच चालीशीं जुळणारा आहे. तज्ज्ञ आज आम्हांला जें शिकवितात, त्याचें सार हेंच आहे. आठवण डोक्यांत न ठेवतां, जेथें काम करावयाचें तेथें, डोळ्यांसमोर ठेवावी. किल्लीला दाराजवळ एकच खुंटी. तिची जागा कधीं बदलावयाची नाहीं. औषधाची बाटली चहाच्या डब्याशेजारीं. उद्यां न्यावयाचें पुस्तक आजच चपलेवर. मोबाईलचा गजर केवळ वाजून उपयोगी नाहीं, कशासाठीं वाजतो हेंही त्यावर लिहिलेलें असावें. आणि गजर झाला कीं तो बंद करण्यापूर्वीं उठून उभें राहावयाचें. बसल्या जागीं बंद केलेला गजर हा सोडलेल्या गांठीसारखा व्यर्थ. आरंभ होत नसलेल्या कामासाठीं कोणीतरी नुसतें शेजारीं येऊन बसलें, तरी तें काम होतें, असा माझा व पुष्कळांचा अनुभव आहे.

घरांतल्या इतर मंडळींनाही माझी विनंति आहे. मुलाला एका दमांत चार कामें सांगूं नका. एक सांगा, तें झालें कीं दुसरें. ‘कितीदां सांगायचें?’ ह्या प्रश्नाला कोणत्याही मुलापाशीं उत्तर नसतें. त्याऐवजीं ‘ह्याची खूण कोठें ठेवूं या?’ असें विचारा. जबाबदारी त्याच्यावरून काढून घेऊं नका, कारण विसरण्याचें कारण कळलें म्हणून विसरण्याचे परिणाम नाहींसे होत नाहींत. त्यानें क्षमाही मागावी आणि गांठही मारावी. परंतु त्याच्या विसरण्यावरून त्याच्या मनाची परीक्षा करूं नका. ‘जीव असता तर लक्षांत राहिलें असतें’ हें वाक्य तेवढें घरांतून कायमचें हद्दपार करा.

नाना २०१४ सालीं गेले. माझें निदान त्यानंतर तीन वर्षांनीं झालें, म्हणून त्यांना कांहीं सांगावयाचें राहूनच गेलें. त्यांचा टेबलाचा खण आवरतांना एक लहानशी वही मिळाली होती. शस्त्रक्रियेनंतरच्या त्या दिवसांचा हिशेब त्यांनीं तींत मांडला होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार रकाने. माझ्या हातून थेंब पडले तेथें माझें नांव, आणि राहून गेले तेथें ‘स्वतः’. दुपारच्या रकान्यांत ‘स्वतः’ सहा वेळां होतें. मला वाटलें होतें त्याहून तें पुष्कळ कमी होतें, आणि माझें नांव पुष्कळ अधिक वेळां होतें. पहिल्यानें ती वही पाहिली तेव्हां मीं फक्त ते सहा शब्द मोजले होते. आतां मी बाकीचेही मोजतें.

ती वही माझ्या टेबलावर समोरच असते. खणांत ठेवली तर ती आहे हें मी विसरेन, हें मला पक्कें ठाऊक आहे.